वरच्या आळीचा व्हॉल्व्ह

"मावशी, व्हॉल्व्ह शंभर टक्के उघडा आहे. इथं पडद्यावर दिसतंय मला."

"मग पडद्यालाच बादली लाव," मावशी म्हणाली आणि तिनं फोन आपटला.

इंजिनीअरनं कपाळाला हात लावला. वरच्या आळीतून आलेला हा सकाळचा सहावा फोन. आधीचे पाच शिव्यांचे होते, ते परवडले. ही मावशी म्हणजे आई गेल्यावर त्याला पदराखाली घेणारी. शहात्तराव्या वर्षी ती टेकडी उतरून खालच्या नळावरून पाणी नेत होती आणि सगळ्या शहराला पाणी वाटणारा भाचा पडद्याकडं बघत बसला होता. लाज वाटायची त्याला, आणि लाज वाटली की तो चिडायचा.

धरण दरवर्षी थोडं लवकर तळ दाखवत होतं, शहर दरवर्षी थोडं फुगत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पाणी आता दिवसातून एकच तास, सहा ते सात. वाया काही जाऊ नये म्हणून त्यानं वरिष्ठांशी भांडून चाळीसच्या चाळीस व्हॉल्व्हना मोटरी बसवून घेतल्या होत्या. लोखंडी चावी खांद्यावर टाकून हातानं व्हॉल्व्ह फिरवणारे चावीवाले घरी बसले. एकोणचाळीस ठिकाणी काम झकास झालं. वरच्या आळीत मात्र दोन बादल्या भरल्या की नळ गप्प.

पाणी समिती टपलेलीच होती. "अठ्ठावीस घरांसाठी टेकडीवर पाणी चढवायचं कशाला?" असं अध्यक्ष उघड म्हणत. शनिवारी सकाळी समिती स्वतः येऊन नळ बघणार होती. कोरडा दिसला की आळीचा पाइप कायमचा तोडायचा. तसं झालं तर मावशीला घर सोडावं लागलं असतं, आणि त्या घराबाहेर ती वर्षभरही टिकली नसती.

त्यानं दोनदा रस्ता खणला. गळती नाही. पंप तपासला. ठणठणीत. ठेकेदारावर ओरडून झालं, शिपायावर ओरडून झालं. दुखणं काही सापडेना.

गुरुवारी त्यानं मोटरी चालवणाऱ्या यंत्राच्या नोंदी पहिल्यांदा ओळीनं वाचल्या आणि खुर्चीतून उठलाच. यंत्र रोज साडेसहाला प्रत्येक व्हॉल्व्ह तपासायचं आणि कुणी हलवलेला असला तर पुन्हा पूर्ण उघडायचं. वरच्या आळीचा व्हॉल्व्ह त्याला रोज शून्यावर सापडत होता. एक दिवस सुटला नव्हता.

म्हणजे कुणीतरी हातानं बंद करत होतं! तासातला अर्धा वेळ तिथंच बुडणार, आणि रिकामा पाइप भरेपर्यंत सात वाजणार. दोन बादल्या मिळत होत्या हेच नवल.

शुक्रवारी सहाला दहा कमी असताना तो व्हॉल्व्हच्या खड्ड्याजवळ भिंतीआड उभा राहिला. थोड्याच वेळात चावी खांद्यावर घेऊन म्हातारा आला. तीस वर्षं या भागाचा चावीवाला होता तो. त्यानं झाकण सरकवलं, चावी बसवली आणि ओठांतल्या ओठांत मोजत अठरा फेरे दिले. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. व्हॉल्व्ह बंद करायचे फेरे शाळकरी पोरालाही कळतात.

"काका!" इंजिनीअर पुढं झाला. संतापानं त्याचा आवाज फाटला. "नोकरी गेली तर माझ्याशी भांडायचं होतं. आळीनं काय घोडं मारलं तुमचं?"

म्हातारा दचकला नाही. "साहेब, मी तीनदा आलो होतो तुमच्याकडं. शिपाई म्हणाला, लिहून आणा. मला लिहायला..."

"एक अक्षर बोलू नका! व्हॉल्व्ह शून्यावर आणलात की नाही आत्ता?"

"तुमचं यंत्र म्हणत असेल, तर तसं."

"वर तोंड करून बोलताय? चावी इकडं द्या."

म्हाताऱ्यानं चावी दिली. "उद्याचा दिवस तरी मला इथं येऊ द्या, साहेब. समिती येणार आहे ना?"

हे तर अतीच झालं. इंजिनीअरनं पोलीस चौकीत तक्रार दिली आणि शनिवारी खड्ड्यापाशी हवालदार उभा करायची सोय करूनच तो घरी गेला. कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

शनिवारी सहाला मावशीच्या अंगणात समिती उभी होती. अख्खी आळी बादल्या घेऊन जमली होती. इंजिनीअरनं फोनवरची नोंद अध्यक्षांना दाखवली. शंभर टक्के, आणि कुणाचा हातही लागलेला नाही. मावशीनं नळ सोडला.

नळ फुसफुसला. बस्स. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. मावशीची बादली कोरडी ती कोरडीच. "रोजच्या दोन तरी यायच्या रे," ती हळूच म्हणाली. सात वाजता अध्यक्षांनी कागदावर सही केली आणि मंडळी टेकडी उतरली.

इंजिनीअर धावतच खड्ड्यापाशी आला. म्हातारा हवालदाराशेजारी कठड्यावर बसला होता.

"काय करून ठेवलंत?" इंजिनीअर किंचाळला. "आज एक थेंब आला नाही वर!"

"कसा येईल, साहेब? चाळिसांत हा एकच व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे. तुमचं यंत्र उघडायला जातं आणि तो बंद होतो. मी रोज सहाला येऊन उघडायचो, यंत्राला कळेपर्यंत अर्धा तास मिळायचा."