मधल्या मोकळ्या जागा

राहू गावच्या म्हाळूआबांचं भीमगीत त्यांच्या नातीनं, दीक्षानं, सकाळीच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. "आबा, दर ओळीला दम लागलाय तुम्हाला. मधल्या मोकळ्या जागा कापू का?" आबा हसले, "असू देत तशाच."

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तेच गाणं होतं, वारलेल्या अंजनाआजीच्या आवाजातलं, जुन्या कॅसेटवरनं उतरवलेलं. पण एक प्रोग्रॅम वाजायला लागला की दुसरा मुका व्हायचा. दोघांचा आवाज एकत्र ऐकावा म्हणून सेटिंगमध्ये बरीच खटपट करून दीक्षानं अखेर दोन्ही एकदम लावून पाहिले.

आबांची ओळ संपली आन् मोकळ्या जागेत नेमकी आजीची ओळ आली. पुन्हा आबा, पुन्हा आजी.

"दम कुठं लागला, पोरी?" आबा म्हणाले. "तिथली ओळ तुझ्या आजीची हाय."