माईक तेवढा दिसू दे

"बाई, जरा बाजूला सरका, तुम्ही फ्रेममध्ये येताय," आमदारांचा पीए म्हणाला. स्टुडिओतली माझी खुर्ची मीच उचलून भिंतीपाशी नेली.

आमदार रेडिओच्या माईकपुढे बसून समोरच्या मोबाईलशी बोलू लागले.

"साहेब, आपला कार्यक्रम सातला आहे. लाल दिवा लागल्याशिवाय रेडिओवर काही ऐकू जात नाही," मी म्हणाले.

"असू द्या हो," उत्तर पीएनेच दिलं. "फेसबुकवर लाईव्ह चाललंय. माईक तेवढा दिसू दे."

पूर्वी माईकपुढच्या याच खुर्चीसाठी साहेब मला आठवडाभर फोन करायचे. आज सातला पाच मिनिटं असताना उठले आणि नमस्कार करून गेले.

दिवा लागला. मी श्रोत्यांचं पहिलं पोस्टकार्ड उचललं.

"साहेब, भागीरथी घोणे विचारतात, आमच्या वस्तीवर नळ कधी येणार?"

उत्तरासाठी नेहमी थांबते, तेवढी थांबले. मग दुसरं कार्ड घेतलं.