पंचवीस मिनिटं

"पंचवीस मिनिटं," अधिकारी बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथून खालच्या मोठ्या शाळेपर्यंत. मर्यादा तीसची आहे. म्हणजे ही शाळा बंद करून त्या शाळेत मिळवायला नियमाची काही आडकाठी नाही."

आज लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं, म्हणून सगळं गाव वर्गात जमलं होतं. पोरांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती.

पुढच्या बाकावरची एक तरुण आई उठली. "बाई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. गाडीत बसली की तिला उलट्या होतात. हा असला घाट पंचवीस मिनिटांत उतरतो, असं सांगितलं कुणी तुम्हाला?"

"तुमच्याच बसच्या चालकांनी. ही त्यांची सही."

सगळ्या माना मागे वळल्या. दाराशी उस्ताद उभे होते. बत्तीस वर्षं या घाटात बस चालवली म्हणून गावानेच त्यांना ते नाव दिलं होतं. उठून बोलणारी ती तरुण आई त्यांचीच सून.

दोन महिन्यांपूर्वी एक माणूस छापील कागद घेऊन आला होता. खाली जायला किती वेळ लागतो, एवढंच त्याने विचारलं. उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "दुसऱ्याला पाऊण तास. आपल्याला पंचवीस मिनिटं." त्याने लिहून घेतलं, यांनी झोकात सही ठोकली. कागद कशाचा, हे विचारायचं राहूनच गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाबा, तुम्ही?" सून एवढंच म्हणाली. उस्तादांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

"बाई, ते रिकाम्या बसचं सांगितलं मी," ते पुढे येत म्हणाले. "पोरं असली की पन्नास मिनिटं लागतात. कधी जास्तच."

"मग कागदावर खोटं सांगितलंत?"

"खोटं नाही. फुशारकी मारली."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. "फुशारकीचा रकाना नाही हो माझ्याकडे. आणि आज सकाळी मला तुम्हीच वर आणलंत. मी घड्याळ लावून बसले होते. चोवीस मिनिटं."

हेही खरंच होतं. सकाळी साहेबीण बसली आहे म्हणून उस्तादांनी एकेक वळण असं काही घेतलं होतं, की उतरताना त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं होतं.

"तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं आहे," बाई कागद आवरत म्हणाल्या. "पण आकडा मला सहीचाच धरावा लागेल. अहवाल आज रात्री जातो."

पावणेचारला बाई बसमध्ये येऊन बसल्या. त्यांना खालून सव्वाचारची रेल्वे गाठायची होती. "उस्ताद, पोचवाल ना वेळेत?"

उस्तादांनी मान हलवली. सून शाळेच्या पायरीवर लेकीचा हात धरून उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

पहिल्या वळणानंतर उस्तादांनी बस थांबवली आणि दार उघडलं. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

"कुणी यायचं आहे का?"

"नाही. सकाळी इथे दोघं बहीणभाऊ चढतात. धाकट्याला पायरी उंच पडते, त्याला उचलून घ्यावं लागतं." ते खाली उतरले, क्षणभर उभे राहिले, पुन्हा चढले. दार लावलं. बस निघाली, ती बैलगाडीच्या चालीने.

पुढच्या थांब्यावरही तेच. "इथल्या मुलीची आई शेतातून हाक मारते, थांबा म्हणून. थांबावं लागतं." मग ओढ्याजवळ, मग पडक्या नाक्याशी. वळणावर ते ब्रेक इतका हळू दाबत होते, की कुणाच्या पोटातलं पाणीही हलू नये.

बाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं. "अहो, माझी गाडी चुकेल."

"चुकणार, बाई. तुम्ही माझ्या वरिष्ठांना कळवा. माझी चूक लिहा."

बत्तीस वर्षांत उस्तादांची बस कधी उशिरा पोचली नव्हती. त्यांनी पाचव्या थांब्यावर दार उघडलं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत वाट पाहिली.