दोन बोटं

"चार इंच उचलू या ना?" दिग्विजयनं विचारलं.

"उचलू की," गॅरेजवाला सुखदेव गाडीखालून सरकत बाहेर आला. "रुबाब बघा मग. लोणीपासनं स्वारगेटपर्यंत माणसं वळून बघत्याल."

"चारच कर मग," असं म्हणून दिग्विजय कानाशी धरलेल्या फोनवर इंग्रजीत कुणाची तरी माफी मागू लागला.

गाडी त्याच्या नावावर होती, पण रोज चालवायच्या त्याच्या आई, ललिताबाई. नारायण पेठेतून निघायचं, त्याच्या वडिलांना, महिपतरावांना, व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं आणि परत आणायचं. दवाखान्याच्या फाटकातला स्पीड ब्रेकर असा उंच, की गाडीचं पोट त्याच्यावर रोज खर्रकन घासायचं. त्या धक्क्यासरशी महिपतरावांचा लुळा उजवा हात मांडीवरून घसरायचा. डाव्या हातानं तो उचलून ते परत जागेवर ठेवायचे. गाडी वर उचलायला हवी होती, हे खरंच.

किती, तेही ललिताबाईंना ठाऊक होतं. घरातला पलंग त्यांनी गाडीच्या सीटइतका उंच केला होता आणि आठ दिवस त्याच्या पायांखाली फळ्यांचे तुकडे सरकवून पाहिले होते. काठी टेकून, पाठ करून बसायचं, मग डाव्या हातानं उजवा पाय ओढून घ्यायचा, एवढं आपलं आपण जमायला महिपतरावांना तीन महिने लागले होते. पलंग दोन बोटं वर गेला, तरी ते बसले. तिसऱ्या बोटाला घसरले, ललिताबाईंच्या हातावर आले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

पण हे सांगायचं कसं? चातुर्मास चालू होता. सकाळच्या पूजेपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत त्यांचं मौन असे, आणि आता कुठे साडेदहा वाजत होते. महिपतराव गाडीतच समोर बघत बसले होते. आपल्या पायाबद्दल ते कुणाशीच बोलत नसत.

ललिताबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सुखदेवसमोर दोन बोटं धरली.

"दोन इंच म्हणत्यात काकू," सुखदेव म्हणाला.

ललिताबाईंनी मान हलवली. नाही.

दिग्विजयनं फोनवर हात ठेवला. "आई, दोन इंच म्हणजे कळणारसुद्धा नाही. पण बरं, दोन तर दोन."

ललिताबाईंनी पुन्हा मान हलवली.

"आता एकावर आणू नकोस हं. मौनात असून घासाघीस करतेस!" तो हसला आणि परत फोनकडे वळला.

ललिताबाईंचे ओठ उघडले. एकच शब्द सांगायचा होता. ओठ मिटले. त्यांनी भिंतीशी रचलेल्या फळ्यांकडे बोट केलं, मग चाकांकडे.

"आधी बसवून बघायचं म्हणता? हे ब्येस हाय," सुखदेव म्हणाला. महिपतराव खाली उतरले. जॅक लावून सुखदेवनं चारही चाकांखाली एक-एक इंचाच्या दोन-दोन फळ्या सारल्या.

महिपतराव दाराकडे पाठ करून उभे राहिले. काठी रोवली आणि जोर केला. कंबर सीटच्या कडेला टेकली न टेकली तोच खाली आली. पुन्हा जोर केला. पुन्हा खाली.

दिग्विजय फोन तसाच हातात धरून धावला. "बाबा, थांबा, मी उचलतो."

"हात काढ."

"मग खाली पायरी लावू. त्यात काय एवढं?"

"ज्याला पाय उचलता येतो, त्याला पायरी," महिपतराव धापा टाकत म्हणाले. "मला काय, शोभेला?"

ललिताबाई पुढच्या चाकाशी वाकल्या. त्यांनी दोन बोटं जुळवून फळ्यांच्या कडेला आडवी टेकवली. बोटांच्या वर लाकडाची एक पट्टी उरली. त्या पट्टीवरून त्यांनी अंगठ्याचं नख ओढलं, नको म्हणून.

सुखदेव उकिडवा बसला. त्यानं बोटांना टेप लावला आणि कपाळावर हात मारला. "आयला, दीड! काकू बोटं म्हणत होत्या, आन आपण इंच धरून बसलो."

"दीड इंचासाठी कुणी गाडी खोलतं का?" दिग्विजय म्हणाला, पण आवाज उतरला होता.

"खालनं नुसते वरखडे हायेत, साहेब. दीड भरपूर झालं. आन खरं सांगू? चार उचलली तर रोजच्या गाडीचा एक्सल तिरका चालतो."

"मग मघाशी का नाही बोललास?"

"तुम्हाला चारच ऐकायचं होतं."

सुखदेवनं वरच्या फळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी अर्ध्या इंचाचे प्लायचे तुकडे घातले. महिपतरावांनी काठी रोवली. या वेळी ते बसले. थोडा वेळ तसेच थांबले, मग डाव्या हातानं पाय आत घेतला. ललिताबाईंचा हात दाराकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. महिपतरावांनी दार स्वतः ओढलं. जरा जोरातच लागलं.

दिग्विजयच्या हातातल्या फोनमधून कुणीतरी अजून हॅलो, हॅलो करत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी ललिताबाईंनी दीड इंच उचललेली गाडी हळू केली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. खालून काहीच आवाज आला नाही. महिपतरावांचा उजवा हात मांडीवर होता तिथेच होता.

"अगं," ते म्हणाले, "गाडीनंही चातुर्मास धरला वाटतं."

दुपार व्हायला अजून वेळ होता. ललिताबाईंनी स्टीअरिंगवरून दोन बोटं तेवढी उचलली.