मीठ बघायला

“अक्का, तेवढं मीठ बघा की!”

शाळेची खिचडी शिजली, की छबू कुंपणापलीकडे हाक मारायची. जनाक्का यायच्या, वाटीभर खिचडी संपवायच्या. मुलांना वाढण्याआधी स्वयंपाकिणीने चव घ्यायचा नियमच होता आणि दोघी कामावर होत्या तेव्हा तो मान थोरल्या जनाक्कांचा असे. सरकारने खर्चकपात केली, अक्कांना घरी बसवलं, छबूचं मानधनही निम्म्यावर आणलं. हाक मात्र थांबली नाही.

एके दिवशी अक्कांनी एकच घास खाऊन वाटी खाली ठेवली.

“मीठ रोजच बरोबर असतंय. भीक नको मला, छबू.”

मग दोन दिवस त्या आल्या नाहीत. त्यांच्या घरातून धूरही निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी छबू कुंपणाशी धावली. “अक्का, खिचडी पार बिघडलीया! पोरं ताटं घेऊन बसल्यात!”

अक्का पदर खोचत आल्या. चव घेतली.

“मीठच नाही की गं! दहा वर्षं शिकवतेय तुला!”

मीठ घालून त्यांनी खिचडी ढवळली, पुन्हा चाखली आणि वाटी भरून घेतली.

त्या दिवसापासून छबू रोज मीठ विसरते.