हिरामणची पिकअप

"दिवेलागणीनंतर पोरी मैदानात दिसता कामा न्हाय," असं बजावून गावच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी मैदानावरचे दिवे बंद केले. कबड्डीचे जिल्ह्याचे सामने आठ दिवसांवर आले होते, आणि पोरी दिवसभर कॉलेजात; सरावाला उरायची ती संध्याकाळच.

काशीदच्या हिरामणची लेक प्राप्ती या पोरींच्याच संघात होती. त्यानं दुसऱ्याच दिवशी आपल्या पिकअपला मागे दोन जादा रिव्हर्स लाईट आणि हौद्यावर चार दिवे बसवून घेतले.

"काका, मासळी भरायला एवढा उजेड?" वायरिंगवाल्यानं विचारलं.

संध्याकाळी त्यानं गाडी रिव्हर्स घेत थेट मैदानाच्या कडेला लावली आणि सगळे दिवे पेटवले.

"गाडी माझी, बॅटरी माझी. कोण बंद करतो तेच बघतो!"



ओढणी कमरेला खोचत सगळ्यांच्या आधी मैदानात उतरली, ती अध्यक्षांचीच लेक सोनल.