वांगी रंगाचं नाव

"कॉन्सुएलो रुईस!" मारिसेलानं रेकॉर्डवरचं नाव वाचलं.

"हजर!" हातपंख्यानं वारा घेणारी म्हातारी ओरडली. "अठ्ठ्याहत्तर साली पार्टीतून ढापली होती कुणा मेलीनं!"

अंगण हसलं. सुई टेकली.

बॉइल हाइट्स या मेक्सिकन वस्तीतल्या बेकरीमागच्या या अंगणात दर रविवारी दुपारी चार बायका जुन्या रेकॉर्डी वाजवत. पूर्वी इथल्या पोरी पार्टीला आपापल्या रेकॉर्डी नेत आणि हरवू नयेत म्हणून मधल्या कागदावर नेलपॉलिशनं नाव लिहीत. आता त्याच रेकॉर्डी जुन्या सामानाच्या दुकानांत सापडत. नियम एकच. नाव वाचायचं, जिचं नाव तिनं किंवा तिच्या घरच्या कुणी 'हजर' म्हटलं तरच वाजवायची. नाहीतर परत खोक्यात.

चौघींतली नेरेइदा तीन आठवड्यांनी आली होती. आई गेली, मृतासाठीची नऊ दिवसांची जपमाळेची प्रार्थना झाली, पण हिच्या डोळ्यांतून टिपूस नाही. आईच्या रेकॉर्डींची दोन खोकी न उघडताच दुकानात देऊन आली. स्वतः रेकॉर्डी वाजवणारी बाई! दगड आहे, असं लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटत होतं. आत्ताही ती मुकाट्यानं वायर गुंडाळत होती.

मारिसेलानं पुढची रेकॉर्ड काढली आणि थबकली. वांगी रंगाची अक्षरं.

"ओफेलिया बारागान."

नेरेइदाच्या आईचं नाव. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

"ओफेलिया बारागान," मारिसेला पुन्हा म्हणाली. "अगं, हात अवघडला माझा. ठेवू का खोक्यात?"

"हजर," नेरेइदा म्हणाली. दवाखान्यात नंबर पुकारल्यावर म्हणावं, तसं.

गाणं सगळ्यांना पाठ होतं. अंगण गाऊ लागलं. दुसऱ्या कडव्यात रेकॉर्डवर चरा होता. सुईनं टुणकन उडी मारली, एक ओळ गाळली. सगळे त्या गाळलेल्या ओळीतच अडकले, ताल चुकला, हशा पिकला.

नेरेइदा चुकली नाही. आपण गातोय, हेही तिला तेव्हाच कळलं. आईच्या स्वयंपाकघरात हे गाणं नेहमी असंच उडी मारून पुढे जायचं. ती ओळ तिनं कधी ऐकलीच नव्हती. सगळं अंगण तिच्याकडे बघतंय हे लक्षात येऊन ती गप्प झाली.

कॉन्सुएलोनं हातपंखा तिच्याकडे वळवला.

"गा पोरी," ती म्हणाली. "आम्ही येतो मागून."